खांद्यावरचे वजन : डोंगरातील शिकारीची बोल्ट रायफल

डोंगरातील शिकारीची रायफल दिवसभर खांद्यावर असते आणि नेम धरण्यापुरती, जेमतेम मिनिटभर हातात येते. मचाणावर बसून किंवा जीपमधून उतरून करायच्या शिकारीत रायफल साडेचार किलोंची असली तरी कोणाचे काही अडत नाही. हजार-दीड हजार मीटर चढून जायचे, अरुंद कड्यावरून आडवे सरकायचे आणि धाप लागलेली असतानाच नेम धरायचा, असा प्रसंग असेल तर प्रत्येक शंभर ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो. हलक्या डोंगरी रायफलीचा वेगळा प्रकार याच गरजेतून तयार झाला. तो जवळजवळ सगळा बोल्ट पद्धतीच्या रायफलींचाच आहे.

दुर्बिणीशिवाय सर्वसाधारण शिकारी बोल्ट रायफल सव्वातीन ते साडेतीन किलो भरते. तीन किलोंच्या आतल्या रायफलीला हलकी म्हणतात आणि अडीचच्या खाली गेलेली अतिहलकी समजली जाते. अमेरिकेतील किंबर कंपनीची ‘माउंटन असेंट’ जेमतेम सव्वादोन किलोंची आहे. फिनलंडची ‘टिक्का टी-थ्री-एक्स लाइट’ तीन किलोंच्या आत बसते आणि तुलनेने स्वस्तही पडते. मात्र कंपनीच्या माहितीपत्रकातले वजन नेहमी नुसत्या, रिकाम्या रायफलीचे असते. त्यात दुर्बिणीचे साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम, ती बसवायच्या कड्यांचे शंभर-सव्वाशे, पट्ट्याचे तेवढेच आणि पाच काडतुसांचे सुमारे सव्वाशे ग्रॅम मिळवले की पावणेतीन किलोंची रायफल साडेतीनच्या घरात जाते. म्हणून रायफल पारखताना सगळा सरंजाम चढवूनच ती काट्यावर ठेवावी. बारीक नळीची महाग रायफल घेऊन तिच्यावर पाऊण किलोची दुर्बीण बसवणारे लोक जगभर सापडतात.

बोल्ट म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी दाराच्या अडसराप्रमाणे सरकणारा पोलादी दांडा. त्याची मूठ वर उचलली की दांडा फिरतो आणि त्याच्या टोकाशी असलेले दोन खांदे आपल्या खाचांतून मोकळे होतात. मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस नळीतून निघून बाहेर फेकले जाते. ती पुढे ढकलली की पेटीतले वरचे काडतूस नळीत शिरते, आणि मूठ खाली दाबली की खांदे पुन्हा खाचांत अडकून दार बंद होते. या सगळ्या हालचाली माणसाच्या हाताने होतात. स्वयंचलित रायफलीत हेच काम दारूच्या वायूकडून करून घेतात. त्यासाठी वायूची नळी, दट्ट्या, जाड स्प्रिंग असे भाग लागतात आणि त्यांचे वजन वाढते. दुनळी रायफलीत तर दुसरी नळीच वाहावी लागते. बोल्ट रायफलीत भाग मोजके असतात, बंद झालेले दार घट्ट बसते आणि चिखल-धूळ गेली तरी बोल्ट बाहेर काढून बोटाने पुसता येतो. डोंगरात या साधेपणाला फार किंमत आहे.

या यंत्रणेचा जो नमुना आजही प्रमाण मानला जातो तो जर्मनीच्या पॉल माउझर यांचा, १८९८ सालचा. काडतूस पेटीतून सुटताक्षणी त्याची कड पकडणारा लांब पोलादी नखा, हे त्याचे वैशिष्ट्य. त्यामुळे रायफल आडवी असो की उलटी, काडतूस नखाच्या ताब्यातच राहते. पुढे स्वस्त उत्पादनासाठी नखा लहान झाला. काडतूस नुसते पुढे ढकलायचे आणि बोल्ट बंद होताना त्याची कड पकडायची, अशी रचना आली. १९६२ मध्ये बाजारात आलेली ‘रेमिंग्टन ७००’ हे तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण. या दुसऱ्या रचनेत दांडा आखूड आणि हलका करता येतो. जुन्या वळणाचे शिकारी माउझरच्या नख्यालाच मान देतात. ज्याच्या अंगावर जनावर धावून येणार आहे त्याने तो आग्रह जरूर धरावा. तीनशे मीटरवरच्या रानबकऱ्यावर नेम धरणाऱ्याचे त्यावाचून काही बिघडत नाही.

हलक्या बोल्ट रायफलीची परंपरा आल्प्स पर्वतातली. ऑस्ट्रियाची ‘मानलिखर-शोनॉर’ १९०३ पासून ‘शॅमॉय’ नावाच्या पहाडी बकऱ्याच्या शिकारीसाठी वापरली जाऊ लागली. आखूड नळी, नळीच्या तोंडापर्यंत गेलेला लाकडी दस्ता आणि साडेसहा मिलिमीटरची लांबट, सडपातळ गोळी, असे तिचे रूप. हिंदुस्थानात हीच गोष्ट हिमालयाच्या पायथ्याशी घडली. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा बंदोबस्त केल्याबद्दल १९०७ मध्ये संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी जिम कॉर्बेट यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. ती माउझर धाटणीची हलकी बोल्ट रायफल होती. कुमाऊँ-गढवालच्या चढ-उतारांवर दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर पायी फिरणाऱ्या माणसाला जड दुनळीपेक्षा ती सोयीची होती, यात नवल नाही. .२७५ रिग्बी हे नाव इंग्रजी असले तरी काडतूस मूळचे जर्मन, सात मिलिमीटर माउझर. अमेरिकेत १९२५ मध्ये आलेले .२७० विंचेस्टर आणि १९५० च्या दशकातील ‘फेदरवेट’ रायफली ही त्याच वाटेवरची पुढची पावले. १९८० च्या दशकात लाकडाऐवजी कृत्रिम धाग्यांचे दस्ते आले आणि वजन एकदम खाली उतरले.

वजन कमी करण्याच्या जागा चारच: नळी, दस्ता, बोल्टचे घर म्हणजे तो ज्यात सरकतो तो सांगाडा, आणि दुर्बीण. सर्वांत जास्त वजन नळीत असते, पण ती आखूड करून फारसे हाती लागत नाही. बारीक नळीचे टोक पाच सेंटीमीटरने कापले तर पन्नास ते सत्तर ग्रॅम वाचतात आणि गोळीचा वेग सेकंदाला दहा-वीस मीटरनी घटतो. खरी बचत नळीची जाडी कमी केल्याने होते. निशाणेबाजीची जाड नळी दोन किलोंची असते, डोंगरी रायफलीची बारीक नळी त्याच्या निम्म्याच वजनाची. बारीक नळी मात्र लवकर तापते. लागोपाठ तीन-चार बार काढले की ती किंचित वाकते आणि गोळ्या एका जागी पडेनाशा होतात. शिकारीत पहिला बार थंड नळीतूनच जातो आणि फार तर दुसरा लागतो, त्यामुळे हा दोष मैदानावर दिसतो तेवढा डोंगरात जाणवत नाही. पण नव्या रायफलीचा नेम बसवताना तिला दर दोन-तीन बारांनंतर थंड होऊ द्यावे. घाईत वीस काडतुसे उडवून ‘रायफल वाईट आहे’ असा निकाल देणाऱ्यांची कमी नाही.

दस्त्याचे गणित अधिक सरळ आहे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता साधारण एक किलोचा असतो, कार्बन धाग्यांचा पाचशे ते सातशे ग्रॅम. लाकूड दिसायला देखणे आणि हाताला उबदार असते, पण त्याला हवामान कळते. कोकणच्या किनाऱ्यावर याचा अनुभव दर पावसाळ्यात येतो. अलिबागजवळच्या अष्टागर पट्ट्यातल्या नागावसारख्या गावात आषाढ-श्रावणात दारे-खिडक्या फुगून बसतात, तसाच रायफलीचा दस्ताही पाणी पिऊन फुगतो. फुगलेले लाकूड नळीला एका बाजूने टेकले की नेम त्या मानाने सरकतो, आणि दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की तो पुन्हा भलतीकडे जातो. पारखण्याची युक्ती सोपी आहे. कागदाची एक पट्टी नळी आणि दस्ता यांच्या फटीत घालून मागे सरकवत न्यायची. चेंबरपर्यंत, म्हणजे काडतूस बसते त्या जागेपर्यंत, ती कुठेही न अडकता गेली तर नळी मोकळी आहे. मध्येच अडली तर तिथे लाकूड टेकले आहे असे समजावे. खाऱ्या वाऱ्याचा दुसरा त्रास गंजाचा. किनाऱ्यावर ठेवायची रायफल स्टेनलेस पोलादाची असावी. ती गंजत नाही असे नव्हे, उशिरा गंजते. चामड्याच्या गवसणीत घालून कपाटात ठेवलेल्या बंदुकीला सर्वांत आधी गंज धरतो, कारण चामडे हवेतला ओलावा धरून ठेवते. तेलाचा हात देऊन, मोकळी, कोरड्या जागी उभी ठेवणे हाच उपाय.

बोल्टच्या घराचे वजन काडतुसाच्या लांबीवर अवलंबून असते. .३०-०६ चे काडतूस सुमारे ८५ मिलिमीटर लांब, तर .३०८ चे सुमारे ७१. आखूड काडतुसाला घर आखूड, बोल्ट आखूड, त्याला धरणारा दस्ताही थोडा आखूड. सगळे मिळून शंभर-दीडशे ग्रॅम वाचतात. टायटेनियमचे घर किंवा पोखरून पोकळ केलेली बोल्टची मूठ हे त्यापुढचे उपाय. त्यांत प्रत्येक ग्रॅमला मोजावा लागणारा पैसा झपाट्याने वाढत जातो. जर्मनीच्या ‘ब्लेझर’ कंपनीने वेगळा मार्ग काढला. तिच्या रायफलीत बोल्ट थेट नळीतच अडकतो, त्यामुळे घरावर ताण येत नाही आणि ते अॅल्युमिनियमचे केले तरी चालते. दुर्बिणीत मात्र फुकटची बचत आहे. सहापट मोठे दाखवणारी लहान दुर्बीण डोंगरी शिकारीला पुरते, आणि पंचवीसपट दाखवणाऱ्या अजस्र दुर्बिणीऐवजी ती घेतली तर तीन-चारशे ग्रॅम आपोआप वाचतात.

या साऱ्या बचतीची किंमत खांदा देतो. गोळी आणि दारूचा वायू पुढे जाताना रायफलीला जो संवेग देतात तो काडतुसागणिक ठरलेला असतो, आणि रायफल जितकी हलकी तितकी ती वेगाने मागे येते. .३०८ सारख्या मध्यम काडतुसाचा हिशेब मांडून पाहता येतो. सगळ्या सरंजामासह चार किलोंची रायफल सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने मागे येते आणि तिच्या धक्क्याची ऊर्जा सुमारे अठरा जूल असते. तीच रायफल दोन किलो आठशे ग्रॅमची केली तर वेग सव्वाचार मीटरच्या वर जातो आणि ऊर्जा सव्वीस जूलवर. वजन तीस टक्के घटले, धक्का मात्र चाळीस टक्क्यांहून जास्त वाढला. एका बाराला हे सहन होते. पण सरावाला बसले की दहाव्या बारापर्यंत माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो, आणि एकदा लागलेली ही सवय महिनोन्‌महिने सुटत नाही. नळीच्या तोंडाला भोके पाडलेला ब्रेक बसवला तर वायू बाजूला जाऊन धक्का बराच कमी होतो, पण आवाज असा होतो की कानावर संरक्षण नसेल तर श्रवणशक्ती गमवावी लागेल. बरोबरचा वाटाड्या ब्रेकवाल्या रायफलीच्या शेजारी उभा राहायला नाराज असतो, आणि त्याचे बरोबर आहे.

हलकेपणाचा दुसरा तोटा हा की हलकी रायफल हलतेही सहज. धाप लागलेल्या छातीची प्रत्येक हालचाल, नाडीचा प्रत्येक ठोका नळीच्या टोकापर्यंत पोहोचतो. जड रायफल आपल्या जडपणाने हे हेलकावे गिळून टाकते. म्हणूनच निशाणेबाजीच्या स्पर्धांत कोणी हलकी रायफल वापरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात .२२ ची रायफल लागते आणि नियमाप्रमाणे तिचे वजन आठ किलोंपर्यंत चालते. डोंगरी रायफलीच्या जवळजवळ तिप्पट. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनचे सुवर्णपदक मिळवले, तोही प्रकार लहान बोअरच्या अशाच जड रायफलीचा. रायफल वाहायची नसेल तर ती जड असणेच हिताचे, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. डोंगरात उपाय एवढाच की हातावर नेम धरायचा नाही. खडकावर पाठपिशवी ठेवून त्यावर रायफल टेकवावी, तेही शक्य नसेल तर निदान बसावे आणि कोपर गुडघ्यावर रोवावे.

काडतुसाची निवड वजनाच्या बरोबरीनेच करायची असते. हलक्या रायफलीला मोठे मॅग्नम काडतूस जोडणे ही नवशिक्यांची हमखास चूक. साडेसहा ते सात मिलिमीटर बोअरची मध्यम काडतुसे डोंगरी जनावरांना पुरेशी असतात. त्यांची लांबट गोळी वेग टिकवून धरते, वाऱ्याने कमी ढळते आणि खांद्याला झेपते. उंचावर हवा विरळ असल्याने गोळीला अडथळा कमी होतो आणि ती सपाटीपेक्षा थोडी वर लागते. चढ-उताराचा परिणाम त्याहून मोठा असतो. गुरुत्वाकर्षण गोळीला खाली ओढते ते आडव्या अंतराच्या हिशेबाने, तिरक्या अंतराच्या नव्हे. तीस अंशांच्या उतारावर डोळ्यांना तीनशे मीटर दिसणारे अंतर गोळीच्या दृष्टीने दोनशे साठच असते. चाळीस अंशांवर ते दोनशे तीस होते. तीनशे समजून नेम धरला तर साध्या काडतुसाची गोळीही दहा-बारा सेंटीमीटर वर जाते आणि जनावराच्या पाठीवरून निसटते. वर मारा किंवा खाली मारा, चूक वरच्याच बाजूला होते. नव्या शिकाऱ्याला हे शेवटपर्यंत खरे वाटत नाही.

हे सगळे तीनशे मीटर नजर पोहोचणाऱ्या उघड्या पर्वतांचे झाले. रायगड किनाऱ्यावरचे डोंगर तसे नाहीत. अलिबागच्या मागे कनकेश्वरापासून सुरू होऊन सागरगडावरून दक्षिणेला फणसाडपर्यंत जाणारी ही रांग चारशे मीटरांच्या आसपास उंचीची, पण गच्च झाडीची. कारवी, अंजनी आणि वेलींच्या जाळीत तीस-चाळीस मीटरपलीकडे जनावर दिसत नाही. त्यामुळे या मुलखात शिकारीची पद्धतच वेगळी होती. हाकेकऱ्यांनी रान उठवायचे आणि वाटेवर बसलेल्यांनी समोरून जाणाऱ्या डुकरावर किंवा भेकरावर जवळून बार टाकायचा. त्याला बारा बोअरची दुनळी किंवा ठासणीची बंदूक पुरेशी होती. मुरूडजवळचे फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबांचे राखीव शिकारीचे रान. संस्थान विलीन झाले, आणि १९८६ मध्ये सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे हे जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झाले. नवाबांच्या संग्रहात विलायती बोल्ट रायफली असतीलही, पण या जंगलाने तशी मागणी कधीच केली नाही. डोंगर आहे म्हणून डोंगरी रायफल हवी, हे गणित सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर जुळत नाही.

आज तर प्रश्न रानाचा नाही, कायद्याचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्यात १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने भारतात हौसेची शिकार बंद झाली. उरला तो कलम ११ चा मार्ग. एखादे जनावर माणसाच्या जिवाला किंवा काही प्राण्यांच्या बाबतीत उभ्या पिकालाही धोकादायक ठरले, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने ते मारण्याची परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर या दुसऱ्या प्रकारात मोडते. मारलेले जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता असते. डुकराच्या मटणाचा वाटा गावात वाटण्याची जुनी रीत त्यामुळे गुन्ह्यात मोडते.

नागावच्या सुपारी-नारळाच्या वाड्यांना उपद्रव मुख्यतः वानर-माकडांचा. डुकरांचा त्रास डोंगरालगतच्या भातशेतीला आणि कंदमुळांना. या त्रासासाठी शेतकरी पीकसंरक्षणाचा शस्त्रपरवाना मागतात, आणि तिथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. ठासणीची बंदूक पुरी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतो. खाचांची नळी असलेली रायफल या तरतुदीत कुठेच नाही. म्हणजे डुकरासाठी परवाना मिळाला तरी त्यावर बोल्ट रायफल घेता येत नाही.

ही ठासणीची बंदूक कोकणात अजून तग धरून आहे. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी मागच्या बोंडावर टोपी चढवून घोडा ओढायचा. एका बाराला इतकी खटपट. पावसात टोपी ओली झाली की नुसता ‘टक’ आवाज येतो आणि डुक्कर निघून जाते. तरी तिचा एक गुण मानावा लागेल. तिचे छर्रे फार लांब जात नाहीत. रायफलीची गोळी नेम चुकला तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते, आणि अष्टागरात वाडी, वस्ती आणि समुद्रकिनाऱ्यावरचे पर्यटक यांच्यामध्ये तेवढी रिकामी जागा कुठेच नाही. कायद्याने रायफल नाकारली त्यामागे हा विचार असो वा नसो, परिणाम बरोबर झाला आहे.

स्वसंरक्षण किंवा खेळासाठी रायफलीचा परवाना मिळू शकतो, पण निवडीला मोकळीक फार कमी. ज्या रायफलीत .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसे बसून उडू शकतात ती प्रतिबंधित बोअरमध्ये येते आणि तिचा परवाना केंद्र सरकारच्या हातात असतो. जगभरच्या हलक्या डोंगरी रायफलींचे सर्वांत प्रचलित काडतूस .३०८ हे नेमके यातच अडकते, कारण त्याच्या चेंबरमध्ये ७.६२ चे लष्करी काडतूस बसते. सामान्य परवानाधारकाला उरतात ती .३१५ आणि .३०-०६ सारखी बोअर. .३१५ ला स्वतःचा इतिहास आहे. लष्करी .३०३ काडतुसे हिंदुस्थानात खासगी हातांत पडू नयेत म्हणून ब्रिटिश काळात ली-एन्फील्ड धाटणीच्या रायफलींना हे वेगळे बोअर दिले गेले. त्याचे काडतूस ऑस्ट्रियाच्या आठ मिलिमीटर मानलिखरवर बेतलेले, गोल नाकाच्या जड आणि तुलनेने संथ गोळीचे. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात या रायफली आजही बनतात. तो कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून ‘अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीत आहे. काडतुसे पुण्याच्या खडकी कारखान्यात बनत आली आहेत. त्यांच्या बुडावर ‘केएफ’ हा शिक्का असतो. भरवशाची, दणकट आणि लाकडाने मढवलेली ही रायफल हलकी मात्र अजिबात नाही.

परदेशी हलकी रायफल आणण्याचा मार्ग सामान्य माणसासाठी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. आयातीची मुभा मुख्यतः ठरावीक दर्जाच्या नेमबाजांना आहे. त्यामुळे देशात फिरणाऱ्या बहुतेक माउझर, मानलिखर किंवा विलायती बीएसए रायफली जुन्या आहेत आणि हातोहात विकल्या जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे राहू शकतात. आधी ही मर्यादा तीन होती. त्यामुळे जी जादा शस्त्रे जमा झाली त्यांत काही जुन्या हलक्या बोल्ट रायफली बाजारात आल्या असणार. अशी रायफल घेताना नळीच्या आत उजेड पाडून खाचांच्या कडा धारदार आहेत की झिजलेल्या, हे पाहावे. बोल्टच्या खांद्यांवर पाठीमागे खोल पडलेला चट्टा दिसला तर दार सैल झाले आहे आणि काडतूस नळीत मागे-पुढे हलते. अशा रायफलीत पितळी टोपण फुटून वायू तोंडावर येऊ शकतो, म्हणून परवानाधारक कारागिराकडून मापून घेतल्याशिवाय बार काढू नये. किनाऱ्यावरच्या घरात राहिलेल्या रायफलीचा दस्ता काढून खालचा भाग पाहणे तर अत्यावश्यक. वर चकचकीत दिसणारी नळी खाली, लाकडाशी लागलेल्या बाजूने, गंजाने खाल्लेली सापडते.

हलक्या डोंगरी रायफलीची खरी बाजारपेठ आता परदेशात आहे, आणि तिचा सर्वांत विलक्षण नमुना न्यूझीलंडचा. हिमालयातला तहर हा केसाळ पहाडी बकरा १९०४ मध्ये त्या देशाच्या सदर्न आल्प्समध्ये सोडण्यात आला. तिथे त्याला खाणारा कोणी नाही, म्हणून तो इतका वाढला की सरकारच त्याची संख्या कमी करण्याच्या मागे आहे. भारतात तहर पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला मारणाऱ्यास किमान तीन वर्षांचा तुरुंगवास आहे. न्यूझीलंडमध्ये त्याच तहरसाठी अडीच किलोंच्या कार्बन दस्त्याच्या रायफली विकल्या जातात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या कोणाला शिकारीची इच्छा झाली तर शस्त्रपरवाना, सुरक्षा प्रशिक्षण आणि शस्त्रनोंदणी या पायऱ्या चढाव्या लागतात. मात्र तिथली रायफल सहजासहजी भारतात आणता येत नाही. सुट्टीत नागावला येताना ती तिकडेच कुलुपात ठेवून यावी लागते.

गावातल्या घरात आजोबांची रायफल असेल तर वेगळाच पेच असतो. परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नसतो. परवानाधारक गेला की वारसांच्या ताब्यातले शस्त्र बेकायदा ठरते. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, मग वारसांपैकी एकाने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा. परवाना नको असेल तर शस्त्र परवानाधारकाला विकता येते किंवा सरकारजमा करता येते. रायफल प्रतिबंधित बोअरच्या यादीत आहे की नाही हे अर्जाआधीच विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. नळीवर किंवा बोल्टच्या घरावर कोरलेला बोअर आणि क्रमांक परवान्यातल्या नोंदीशी जुळतो का, हे जमा करण्यापूर्वीच दोघा साक्षीदारांसमोर वाचून घेतले तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.